स्थानिक इतिहासाचे अंक: ठाणे आणि नवी मुंबईतले वाचक वारंवार विचारतात ते प्रश्न

आमचं मंडळ लहान आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नौपाड्यातल्या एका सदस्याच्या बैठकीच्या खोलीत आम्ही जमतो, पाहिलेलं-वाचलेलं एकमेकांना दाखवतो आणि वर्षाकाठी त्यातलं निवडक एका अंकात छापतो. ग्रंथप्रदर्शनात टेबल मांडलं की लोक अंक चाळतात आणि बहुतेक वेळा तेच प्रश्न विचारतात. गर्दीत उभ्या उभ्या दिलेली उत्तरं अपुरी राहतात, म्हणून ती इथे सवडीने लिहिली आहेत.

स्थानिक इतिहासाचा अंक म्हणजे नेमकं काय? स्मरणिका किंवा दिवाळी अंकापेक्षा तो वेगळा कसा?

स्मरणिका एका प्रसंगासाठी निघते. शाळेची शंभरी, देवळाचा जीर्णोद्धार, उत्सव मंडळाचा सुवर्णमहोत्सव झाला की ती थांबते. दिवाळी अंक वाचकाला धरून ठेवण्यासाठी लिहिला जातो. इतिहास मंडळाच्या अंकाची अट वेगळी आहे: लेखकाला जे कळलं ते कुठून कळलं, हे त्याच लेखात सांगावं लागतं. कोणत्या वाड्यातल्या कोणत्या कागदावरून, कोणाच्या तोंडून, कोणत्या दिवशी. आणि अंक एकामागून एक निघत राहतो, त्यामुळे तिसऱ्या वर्षी झालेली चूक सातव्या वर्षी सुधारता येते. ही सोय स्मरणिकेला नाही.

स्मरणिकेला आम्ही कमी लेखत नाही. आमच्या कितीतरी लेखांचा पहिला धागा एखाद्या शाळेच्या स्मरणिकेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत सापडला आहे.

ठाण्याचा इतिहास गॅझेटियरमध्ये आहेच. मग आणखी अंक कशाला?

गॅझेटियर म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ. तो आमच्या टेबलावर कायम उघडा असतो. ठाणे जिल्ह्याचे जुने खंड १८८२ साली निघाले आणि सुधारित आवृत्ती १९८२ साली. मध्ये शंभर वर्षं गेली. तेवढ्या काळात खाडीकाठची शेती गेली, वागळे इस्टेट उभी राहिली, तळी आक्रसली, पाखाड्यांच्या जागी चाळी आणि चाळींच्या जागी इमारती आल्या. दोन आवृत्त्यांच्या मधलं हे सगळं कोणी टिपून ठेवायचं?

दुसरं असं की गॅझेटियर सरकारच्या गरजेतून लिहिला गेला. महसूल किती, बंदरात माल कोणता उतरतो, कोणत्या गावात कोण राहतं, हे कचेरीला हवं होतं म्हणून ते त्यात आलं. मिठागरांतून मीठ किती निघालं ते त्यात मिळेल. आगरात उतरणाऱ्या बाईच्या पायाच्या भेगांना घरात काय लावत, हे मिळणार नाही. ते तिच्या नातीनेच लिहायला हवं.

आणखी एक गोष्ट नव्या अभ्यासकाला हमखास अडवते. १८८२च्या खंडांतलं ‘ठाणे’ आजच्या ठाण्यापेक्षा पुष्कळ मोठं आहे. पालघर तर त्यात आहेच (तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला), शिवाय पनवेल आणि कर्जतही आहे. पनवेल १८८३ साली आणि कर्जत १८९१ साली कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात गेलं. पनवेलकडच्या गावांची जुनी माहिती शोधणारा माणूस रायगडाच्या पुस्तकांत शोधत बसतो आणि ती असते ठाण्याच्या खंडात. असली लहानशी किल्ली एखाद्याने दोन परिच्छेदांच्या टिपणात लिहून ठेवली की पुढच्या दहा जणांचे महिने वाचतात. स्थानिक अंक अशा टिपणांसाठीच आहेत.

तुमचा अंक जेमतेम तीनशे जण घेतात. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो. उत्तरादाखल आम्ही ठाण्याचीच एक हकीकत सांगतो.

१७८७ साली ठाण्यात पायाचं खोदकाम चालू असताना एक ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरी याचं दानपत्र, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७चं. ठाण्याचं ‘श्रीस्थानक’ हे नाव त्यात येतं. रामलोचन पंडितांनी त्यातल्या संस्कृताचा अर्थ उलगडून सांगितला, जनरल कार्नॅक यांनी तो कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवला आणि सोसायटीने ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, त्याचं भाषांतर छापलं. सोसायटीची स्थापना १७८४ची. म्हणजे चार वर्षांच्या एका मंडळाने आपल्या पहिल्या अंकात ठाण्याच्या मातीतून निघालेला पत्रा छापला होता. त्या वेळी तो ठाण्यात कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

पुढे १९७७ साली वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम’च्या सहाव्या खंडात एकत्र संपादित केले, तेव्हा हा ताम्रपट त्यांत आला. मध्ये १८९ वर्षं गेली होती. आज शाळेतला मुलगा ‘ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक’ असं बिनदिक्कत लिहितो, त्यामागे असे जपलेले अंक आहेत.

त्या छापील पानावर आणखी एक गोष्ट जपली गेली: पंडितांचं नाव. त्या काळात देशी पंडिताने वाचायचं आणि साहेबाच्या नावाने छापायचं हे सर्रास चालायचं. रामलोचन पंडित हे नाव छापलं गेलं म्हणून आज सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी आम्ही ते घेऊ शकतो. अंकाचं मोल मोजताना आम्ही प्रतींची संख्या पाहत नाही. कोणी पाहिलं, कोणी वाचलं, कोणी पाठवलं हे नीट लिहिलं आहे का, ते पाहतो.

ठाण्यात ही परंपरा आधीपासून होती का?

होती. मराठीत जुनी कागदपत्रं नियतकालिकातून छापायला १८७८ साली निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकापासून जोर आला. का. ना. साने, ज. बा. मोडक ही त्यामागची मंडळी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१०चं. ठाण्यात त्याआधीच, १८९३ साली, मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं होतं. ते सुरू करण्यात पुढाकार घेणाऱ्या वि. ल. भाव्यांनी जुनी मराठी कविता छापण्यासाठी १९०३ साली ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिकही काढलं. जुनं हस्तलिखित नुसतं कपाटात ठेवून भागत नाही, ते छापून लोकांच्या हातात द्यावं लागतं, ही समज या गावात शंभर वर्षांहून जुनी आहे.

अशा अंकांत चुका फार असतात. विश्वास कसा ठेवायचा?

चुका असतात, हे खरं. पण चूक छापलेली असली की ती पकडता येते. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाचा शक आधी ७८२ असा वाचला गेला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ वाचला, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षांनी पुढे आलं आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात बसलं. पहिलं वाचन छापलेलं नसतं, तर दुसऱ्याला ते तपासताच आलं नसतं.

आमचाही अनुभव सांगतो. एका जुन्या वाड्यातल्या विहिरीच्या काठावरच्या फरशीवरचा शक आम्ही १८०८ वाचला आणि तसाच छापला. दोन महिन्यांनी एका वाचकाने त्याच फरशीचे तीन फोटो पाठवले. सकाळी सातला, ऊन अगदी तिरपं असताना काढलेले. दुपारच्या सपाट उजेडात जो आकडा ८ वाटला होता, तो तिरप्या उन्हात स्वच्छ ३ दिसत होता. वरची रेघ म्हणजे दगडाची चीर होती. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर आम्ही दुरुस्ती छापली, त्या वाचकाच्या नावासकट. तेव्हापासून आम्ही लेखकांना सांगतो की शिलालेखाचे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढा आणि दगडाला खडू, तेल, पीठ काहीही लावू नका. शेंदूर असेल तर तो खरवडू नका. तो कोणाचा तरी देव आहे.

ज्या अंकात एकही दुरुस्ती कधी छापलेली नाही, त्याच्यावर आम्ही कमी विश्वास ठेवतो.

या अंकांना ‘मान्यता’ आहे का? प्राध्यापकांना त्याचे गुण मिळतात का?

मान्यता हा शब्द लोक दोन अर्थांनी वापरतात.

पहिला अर्थ विद्यापीठाचा. नेमणूक आणि बढतीसाठी कोणत्या नियतकालिकातले लेख धरायचे, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ‘केअर’ ही व्यवस्था जाहीर केली आणि २०१९पासून तिची यादी चालू झाली. ती यादी फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने बंद केली. आता नियतकालिक पारखण्याचे निकष सुचवले आहेत आणि पारख करायची आहे विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी. तेव्हा तुमचा लेख धरला जाईल की नाही, हे तुमच्या महाविद्यालयाला विचारा. अंकाला संपादक मंडळ असणं, लेख बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घेणं, अंक ठरल्या वेळी निघणं, संदर्भ नीट असणं या गोष्टी कोणत्याही निकषात बसतील.

यादी असतानाच्या काळात आम्ही एक वाईट गोष्ट पाहिली. चांगले लिहिणारे तरुण प्राध्यापक आमच्याकडे येत, लेख दाखवत आणि मग संकोचून म्हणत, “सर, हा मी दुसरीकडे पैसे भरून देतो, तिथे गुण मिळतात.” गावाबद्दलचा लेख गावात कोणाच्याही हाती पडणार नाही अशा ठिकाणी गेला. आम्ही त्यांना दोष देत नाही, त्यांची नोकरीची गरज खरी होती. पण ते लेख ज्यांनी माहिती दिली त्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचले नाहीत, याचं दुःख आहे.

दुसरा अर्थ आमच्या मते मोठा आहे. दुसऱ्या कोणीतरी आपल्या पुस्तकात तुमच्या लेखाचा वर्ष, अंक आणि पानासह उल्लेख केला की अंकाला मान्यता मिळाली. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

आयएसएसएन घेतला की अंक ‘मान्यताप्राप्त’ होतो का?

नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ आकड्यांचा ओळख क्रमांक आहे. शेवटचा आकडा कधी कधी एक्स असतो. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. त्याने अंक शोधायला सोपा होतो, मजकुराची हमी मिळत नाही. तरी जरूर घ्या. आणि एकदा घेतल्यावर अंकाचं नाव उगाच बदलू नका, नाव बदललं की नवा क्रमांक लागतो आणि ग्रंथालयाच्या नोंदीत तुमचा एक अंक दोन होतो.

वर्तमानपत्रासारखी सरकारदरबारी नोंदणी लागते का?

१८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून २०२३चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला आहे. त्यात शास्त्रीय, तांत्रिक आणि अभ्यासविषयक जर्नलं ‘नियतकालिका’च्या व्याख्येतून वगळली आहेत. तुमच्या अंकात गावच्या चालू बातम्या आणि त्यांवरची मतं असतील, तर मात्र जाणकाराचा सल्ला घ्या.

१९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांत आपल्या खर्चाने प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. लहान मंडळं टपालखर्चाकडे पाहून हे टाळतात. टाळू नका. आपल्याकडे आग, पूर, वाळवी काहीही झालं तरी चार शहरांत चार प्रती उरतात.

मी प्राध्यापक नाही. मी लिहू शकते का?

जरूर. आमच्या लेखकांत रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, बँकेतले आहेत, शिक्षिका आहेत, रिक्षा चालवणारे एक काका आहेत. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यावर चौथा लेख आम्हाला नको. रेल्वेतले ते काका केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढत असत तेव्हा पावसाळ्यात कोणता दांडा अडायचा आणि मग ते काय करायचे, हे मात्र त्यांच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही.

सुरुवात लहान विषयाने करा. ‘ठाण्याचा इतिहास’ लिहायला घेऊ नका. आपल्या आळीतली एक विहीर, एक पिठाची गिरणी, एक बंद पडलेलं छापखान्याचं दुकान घ्या. घरात काय आहे ते आधी पाहा: भाडेपावत्या, खरेदीखत, सातबारा, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, दुकानाची वही. एका लग्नपत्रिकेवरून गावाचं त्या वेळचं नाव, कार्यालय, छापखाना आणि नातेवाइकांची गावं कळतात.

मानधन आम्ही देऊ शकत नाही. लेखकाला अंकाच्या पाच प्रती देतो.

नवी मुंबई तर कालपरवा वसली. तिचा कसला स्थानिक इतिहास?

हे ऐकलं की आम्हाला वाईट वाटतं. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०ची. त्या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. गावं आधीपासून होती, आगरी-कोळ्यांची घरं होती, भातखाचरं होती, मिठागरं होती, बेलापूरचा किल्ला होता. जानेवारी १९८४मध्ये दास्तानफाटा-जासई भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हा सगळा इतिहास आजही घराघरात बोलला जातो. लिहिला मात्र फार थोडा गेला.

नवी मुंबईच्या लेखकांना आमची एकच विनंती आहे: शेतांची नावं लिहून काढा. प्रत्येक गावात खाचरांना, बांधांना, खाडीच्या फाट्यांना नावं होती. सेक्टर १५ या नावाखाली ती गाडली गेली. ज्यांच्या तोंडी ती नावं आहेत ते लोक आज सत्तरीच्या पुढचे आहेत. जुना गाव-नकाशा समोर पसरून आजीला बोट ठेवायला सांगा आणि प्रत्येक बोटाला एक आकडा द्या.

तोंडी आठवणी पुरावा ठरतात का? म्हातारी माणसं तारखा चुकवतात.

तारखा चुकवतात, पण तारखेशी बांधलेल्या गोष्टी चुकवत नाहीत. खाडीकाठच्या एका गावात एका आजोबांनी आम्हाला खारबंदिस्ती फुटल्याची रात्र सांगितली. साल त्यांना आठवत नव्हतं. ओसरीवर बसून हाताने हवेत बांध काढून दाखवत ते म्हणाले, “पिठोरीचं उधाण होतं. उघाडीची फळी आम्ही दोघांनी दाबली, पण पाणी बांधावरून आलं.” उघाडी म्हणजे बांधातली झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ती. ‘वेळ काय होती?’ विचारल्यावर ते म्हणाले, “मध्यरात्रीच्या थोडी आधी.”

आता पाहा. पिठोरी अमावास्या श्रावणाच्या शेवटी येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे लहान भरती, हे खाडीवर प्रत्येकाला ठाऊक असतं. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची. अमावास्येला पंधरा तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आजोबांची ‘मध्यरात्रीच्या थोडी आधी’ तंतोतंत बसली. मग त्यांच्या थोरल्या मुलीच्या जन्माचा दाखला पाहिला, कारण ती त्या वेळी ‘रांगत होती’. सालही दोन वर्षांच्या टप्प्यात आलं. एवढं जुळल्यावर त्यांचं बाकीचं सांगणं आम्ही विश्वासाने छापलं, पण साल ‘अमुक किंवा तमुक’ असंच ठेवलं.

रेकॉर्डिंग करताना आधी परवानगी घ्या, शब्द त्यांचे ठेवा (उघाडीचं ‘स्लूस गेट’ करू नका), आणि छापण्याआधी ते त्यांना वाचून दाखवा.

गावाच्या, घराण्याच्या किंवा देवस्थानाच्या वादाबद्दल लिहिलेलं छापता का?

पुरावा दोन्ही बाजूंचा दिला असेल तर छापतो. ‘आमचंच घराणं मूळचं’ एवढंच सांगणारा लेख परत करतो आणि का परत केला ते लिहून कळवतो. दंतकथा दंतकथा म्हणून छापायला आम्हाला आनंदच वाटतो. ती कोणी, कुठे, कोणत्या सालापर्यंत सांगत असत, हीसुद्धा माहितीच आहे. जिवंत माणसांच्या खासगी गोष्टी आम्ही छापत नाही.

जुन्या कागदांवरच्या तारखा अंकात कशा द्यायच्या?

कागदावर आहे तशीच आधी द्या, मग इसवी सन द्या. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यापुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. मराठी कागदांत सुहूर सन (मराठेशाहीत वापरली जाणारी एक कालगणना) अरबी शब्दांत येतो. ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे सात, तीस, शंभर आणि हजार, म्हणून ११३७. हे वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मे ६०० मिळवायचे. मराठ्यांनी ठाणे घेतलं त्या १७३७च्या वसंतातल्या कागदावर हेच ११३७ साल असणार.

अंकातल्या लेखाचा संदर्भ कसा द्यायचा?

लेखकाचं नाव, लेखाचं नाव, अंकाचं नाव, वर्ष कितवं, अंक कितवा, महिना आणि साल, पान. ‘स्थानिक अंकातून साभार’ एवढ्याने काही होत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाची जुनी इतिवृत्तं शकाने ओळखली जातात, तिथे शकच लिहा. लेखात दुसऱ्याने काढलेला फोटो किंवा दुसऱ्याने वाचलेला कागद असेल तर त्याचंही नाव द्या.

आमच्या अंकातला मजकूर एका पुस्तकात नाव न देता छापला गेला. काय करावं?

आमच्या बाबतीतही हे घडलं. एका महिला सदस्याने चार वर्षं उन्हातान्हात फिरून वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि गधेगाळांची (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या कोरीव दगडांची) यादी केली होती. ती एका जाड, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकात शब्दशः आली. आमच्या यादीत एका गावाचं नाव चुकीचं पडलं होतं, ते तिथेही तसंच चुकीचं होतं. त्यांचं नाव मात्र कुठेच नव्हतं. त्या पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसल्या होत्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

प्रकाशकाला दोन्ही पानांच्या प्रती जोडून शांतपणे पत्र लिहा. पुढच्या आवृत्तीत श्रेय आणि सध्याच्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी मागा. आम्हाला दुसऱ्या आवृत्तीत नाव मिळालं. माहितीवर कोणाची मालकी नसते, पण लेखकाने मांडलेल्या शब्दांवर असते.

जुने अंक स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले करता येतील का?

लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं लेखाचा हक्क राहतो. लेखकाने हक्क मंडळाला दिला असेल पण कागदावर मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून जुन्या लेखकांच्या घरी जा आणि एक साधं संमतिपत्र घ्या. बहुतेक घरांत चहा मिळतो, परवानगी मिळते आणि बरेचदा कपाटातला एक अप्रकाशित लेखही हाती येतो.

स्कॅन निदान ३०० डीपीआयवर करा, फोटोंची पानं ६००वर. १९९०नंतरच्या अंकांच्या डीटीपी फायली हाताशी असल्या तरी त्या जुन्या फाँटमध्ये असतात, युनिकोडमध्ये उघडल्यावर जोडाक्षरांची वाट लागते. रूपांतर केलंत तर छापील पानाशी ओळन् ओळ ताडून पाहा, विशेषतः आकडे आणि आडनावं.

वडिलांच्या कपाटात जुने अंक सापडले. रद्दीत देऊ का?

कृपया देऊ नका, आधी फोन करा. मागच्या पावसाळ्याआधी जांभळी नाक्याकडच्या एका रद्दीच्या दुकानात तराजूवर चढलेला गठ्ठा आमच्या एका सदस्याला दिसला. सुतळीने बांधलेला, वरच्या अंकाला चहाच्या कपाचा गोल डाग. खालचे तीन अंक कसरीने चाळणी केलेले होते. मधला एक मात्र असा होता की त्याची प्रत आमच्याकडेही नव्हती, आणि समासात शिसपेन्सिलीने कोणीतरी बारीक अक्षरात लेखातल्या नावांपुढे नाती लिहिली होती: ‘हे आमचे चुलत आजोबा’, ‘घर आता नाही’. वजनावर सगळा गठ्ठा तीस-चाळीस रुपयांत मिळाला.

अंक सापडले तर गंजलेल्या पिना अलगद काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर ठेवा. समासातल्या नोंदी पुसू नका.

परदेशात अशा अंकांना काय स्थान आहे?

इंग्लंडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांच्या पुरातत्त्व आणि इतिहास मंडळांचे अंक एकोणिसाव्या शतकापासून निघतात. ससेक्सच्या मंडळाची स्थापना १८४६ची. स्थानिक इतिहासासाठी स्वतंत्र विभाग लेस्टरला १९४८ साली निघाला. आपल्याकडे विद्यापीठात अशी जागा मिळाली, तर लहान अंकांना तपासणारे आणि वापरणारे दोन्ही मिळतील.

जुने अंक वाचायला कुठे जायचं?

आधी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय. मग मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि खानदेशाचा काही संबंध लागत असेल तर धुळ्याचं राजवाडे मंडळ. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. ओळखपत्र न्या. पेनाऐवजी शिसपेन्सिल न्या आणि पान उलटण्यासाठी बोट ओलं करू नका. अंक मागताना वर्ष आणि अंकक्रमांक सांगितलात तर कर्मचाऱ्यांना तो लवकर सापडतो. मागच्या अंकांची विषयवार सूची आमच्याकडे छापील आहे. नौपाड्यात दुसऱ्या रविवारी आलात तर ती तिथेच बसून पाहता येईल.